दहावा माणूस

आमच्या बीड जिल्ह्यात ‘मालक’ ही पदवी मिळवायला फार कष्ट पडत नाहीत. रिक्षात पाय ठेवला की तुम्ही मालक होता. ‘मालक, कुठं सोडू?’ रसवंतीवर एक ग्लास रस मागितला की मालक. सलूनच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेला आणि दुसऱ्याच्या वस्तऱ्याच्या हवाली झालेला परावलंबी जीवही मालकच. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसलं म्हणजे बायका ‘आमचे मालक गावाला गेलेत’ म्हणतात; ज्याच्याविषयी हे बोललं जातं त्याला घरात स्वतःचा टॉवेल कुठे असतो हेही ठाऊक नसतं. बँकेच्या काउंटरवर मलाही दिवसातून पंधरा वेळा कोणी ना कोणी मालक म्हणतं. त्या बँकेत माझ्या मालकीचं एक पेन आहे, आणि ते दोरीला बांधलेलं नसल्यामुळे दुपारच्या आत कुणाच्या तरी खिशातून गावाकडे रवाना झालेलं असतं.

तेव्हा मालक व्हायला आमच्याकडे कुणाची ना नसते. फक्त एक प्रसंग सोडून. दुकानाच्या दारात कामगार खात्याचा माणूस येऊन उभा राहिला आणि त्याने ‘इथले मालक कोण?’ असं विचारलं, की अख्ख्या पेठेत एकही मालक शिल्लक राहत नाही. गल्ल्यावरचा म्हणतो, ‘मालक परळीला वैजनाथाच्या दर्शनाला गेलेत.’ शेजारचा म्हणतो, ‘मी आपला असाच बसलोय, पेपर वाचत.’ सकाळपासून ज्या शब्दाची खैरात चाललेली होती, त्याला वारस म्हणून कोणी पुढे येत नाही.

एरवी इतका स्वस्त असलेला हा शब्द ऐन वेळी एवढा महाग का होतो, हा प्रश्न मला आमच्या दाजींमुळे पडला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं बीडमध्ये कापडाचं दुकान आहे. ते त्यांच्या आजोबांनी निजामाच्या राज्यात काढलं. दुकान जागचं तसूभर हललेलं नाही, पण बसल्या बसल्या त्याने चार सरकारं पाहिली. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं आणि आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो. १ मे १९६० ला महाराष्ट्रात. आजोबांनी त्या गल्ल्यात हाली शिक्क्याचे रुपये मोजले, वडलांनी नवे पैसे मोजले आणि दाजी आता मोबाइलच्या पेटीतून येणारा बाईचा आवाज मोजतात. दुकानाची पाटीसुद्धा आधी उर्दूत होती, मग मराठीत झाली, मग वडलांच्या हौसेने इंग्रजीत झाली. दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानांना पाटीच्या बाबतीत मधली काही वर्षं मोकळीक होती. २०२२ साली राज्याने कायदा दुरुस्त करून तीही काढून घेतली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, आणि दाजींनी माळ्यावरून वडलांच्या आधीची मराठी पाटी काढून, पुसून, पुन्हा लावली. रंगाऱ्याचे पैसे वाचले म्हणून ते दोन दिवस प्रसन्न होते. कायद्याच्या बाबतीत त्यांना एवढं प्रसन्न मी त्यानंतर पाहिलेलं नाही.

कारण पाटी माळ्यावर सापडते, बाकीचे कायदे सापडत नाहीत. १९४८ चा दुकाने व आस्थापना कायदा दाजींच्या वडलांना पाठ होता. आठवड्यातून एक दिवस दुकान बंद, तो वार रंगवून दारावर टांगायचा, अमुक वाजता फळ्या लावायच्या. मग २०१७ चा नवा कायदा आला. १९ डिसेंबर २०१७ पासून दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवायला परवानगी मिळाली; मात्र प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तास सुटी पाहिजे. म्हणजे सुटी आधी दुकानाला होती, ती आता माणसाला झाली. या एका वाक्यावर दाजींनी महिनाभर डोकं खाजवलं. दुकान बंद केलं की सगळेच सुटीवर जातात, हे त्यांना समजत होतं. दुकान चालू असताना एक माणूस सुटीवर आहे हे पचवायला जरा वेगळी जठराग्नी लागते. शिवाय त्या कायद्यात इन्स्पेक्टर राहिला नाही. त्याचा ‘फॅसिलिटेटर’ झाला, म्हणजे सोय करून देणारा. ‘आधीचा सोय लावत होता, हा सोय करून देतो,’ असं दाजींचं भाष्य आहे.

त्यात भर म्हणून किमान वेतनाचा विशेष भत्ता, जो वर्षातून दोनदा बदलतो. त्यात व्यवसाय कर. हा १९७५ चा कायदा. पुरुषाचा पगार दहा हजारांच्या वर गेला की महिन्याला २०० रुपये कापायचे, पण फेब्रुवारीत ३००. वर्षातल्या सगळ्यांत तोकड्या महिन्याला सगळ्यांत लांब कात्री का, हे मला बी. कॉम. च्या तीन वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं. खुलासा साधा आहे. वर्षाला २,५०० रुपयांच्या वर हा कर घ्यायचा नाही अशी घटनेतच मर्यादा आहे. बारा महिन्यांचे २,४०० झाले, उरलेले शंभर फेब्रुवारीच्या गळ्यात पडले. पुढे १ एप्रिल २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर माफ झाला. दाजींच्या कर-सल्लागाराने हे सगळं एका कागदावर लिहून दिलं, त्याला दुसरा कागद जोडला, मग तिसरा. आमच्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी लांबलचक कापडाच्या पासोडीवर ग्रंथ लिहून ठेवला आहे. कापडाचं दुकान हाताशी असल्यामुळे दाजींनाही तोच मार्ग मोकळा होता.

‘पाव्हणं,’ एकदा ते मला म्हणाले, ‘सरकारनं एकदा काय ते ठरवावं आन् गप बसावं. बायको बी इतक्यांदा मत बदलत नाही.’

‘बदललं असतं तर तुम्हाला कळलं असतं का?’ आतून ताई म्हणाली.

दाजींच्या तक्रारीत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. मी स्वतः परिपत्रकांवर जगणारा माणूस आहे. सकाळी आलेलं परिपत्रक कालच्या परिपत्रकाला रद्द करतं आणि परवाच्या परिपत्रकाला पुन्हा जिवंत करतं. आमचे काही जुने सहकारी तर परिपत्रक आलं की चार दिवस वाट पाहतात, रद्द झालं नाही तरच वाचतात. पण दाजींची तक्रार ऐकताना मला त्यांच्याच दुकानातली एक गोष्ट दिसत होती. सुरतेला साडीचा भाव नगामागे दहा रुपयांनी वाढला, तर संध्याकाळच्या आत दाजींना कळतं. आणि नुसतं कळत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या मालावरसुद्धा नव्या किमतीच्या चिठ्ठ्या असतात. ‘भावानं एकदा काय ते ठरवावं आन् गप बसावं’ असं ते कधी म्हणत नाहीत. भाव बदलणं हा भावाचा धर्म आहे, असं ते मानतात. विशेष भत्ता म्हणजे तरी काय? डाळीचा, तेलाचा, रॉकेलच्या जागी आलेल्या गॅसचा भाव वाढला, तो नोकराच्या बाजूने लिहून काढला की झाला विशेष भत्ता. एकच महागाई. ती मालावर चढते तेव्हा त्याच दिवशी कळते, आणि पगारात चढायची असते तेव्हा वाटेत मुक्काम करत येते.

हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी चहा मागवला. चर्चा संपवण्याची ही आमच्याकडची सभ्य रीत आहे.

पण खरी मौज या सगळ्यात नाही, ती आकड्यात आहे. २०१७ च्या कायद्यात दहा हा फार मोठा आकडा होता. दहा किंवा जास्त माणसं असली तर तो कायदा पुरता लागू. नऊ असली तर आपण दुकान चालवतो एवढी वर्दी द्यायची आणि मोकळं व्हायचं. त्यामुळे आमच्या पेठेत एक चमत्कार घडला. कुठल्याही दुकानात जा, माणसं नऊ. दिवाळीच्या गर्दीत नऊ, लग्नसराईत नऊ. एका दुकानात मी स्वतः काउंटरमागे चौदा डोकी मोजली. मालकाने खुलासा केला, ‘नऊ कामाला, बाकीचे बसायला येतात.’ दाजींच्याही हजेरीपटात नऊ नावं होती. दहावे होते चाचा. चाचा दुकानात सगळ्यांत जुने. कापड त्यांनी फाडावं. मीटरला बोटभर जास्त नाही की कमी नाही. पण चाचा हजेरीपटात नव्हते, कारण ते ‘घरचे’ होते.

माणूस घरचा केव्हा होतो याचं एक शास्त्र आहे. हजेरीपट लिहिताना तो घरचा असतो. रविवारी माल आला, उतरवून घ्यायला कोणी नाही, तेव्हा तो घरचा असतो. भत्ता वाढला की घरच्याला काय सांगायचं, त्याला परिस्थिती ठाऊक असते. आणि घरच्यांचा ग्रुप फोटो काढायची वेळ आली की फोटो तो काढतो.

कीर्तनात एक गोष्ट सांगतात. दहा जण नदी उतरून पलीकडे जातात. कोणी वाहून तर गेला नाही ना, म्हणून एक जण मोजायला लागतो. नऊच भरतात. दुसरा मोजतो, पुन्हा नऊ. दहावा बुडाला म्हणून सगळे गळा काढतात. वाटसरू येतो, म्हणतो, ‘अरे, दहावा तूच!’ जो तो मोजताना स्वतःला सोडत होता. वेदान्ती लोक यातून आत्मज्ञान काढतात. मुकुंदराजांची समाधी ज्या जिल्ह्यात आहे, तिथे वेदान्ताची चेष्टा करू नये हे मला कळतं. पण पेठेत ही गोष्ट उलटी होते. इथे मोजणारा स्वतःला कधीच विसरत नाही. तो नऊ मोजतो, दहावा समोर उभा असतो, आणि गळा मात्र कोणी काढत नाही.

पुढे २०२५ साली राज्य सरकारने वटहुकूम काढून दहाचे वीस केले आणि कामाचे रोजचे नऊ तास होते ते दहापर्यंत नेले. पेठेत आनंद झाला. आता एकोणीसपर्यंत मोकळं रान. मला वाटलं, आता तरी चाचा हजेरीपटात चढतील, आता आकड्याची भीती काय उरली? दाजी म्हणाले, ‘बघू की. त्यांना काय घाई आहे?’ तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ही भीती आकड्याची नव्हतीच. दहाचे वीस केले काय किंवा शंभर केले काय, हजेरीपटात नाव लिहिणं म्हणजे ‘हा माझ्याकडे कामाला आहे, याचं बरंवाईट मी बघायचं आहे’ असं सहीनिशी कबूल करणं. ती सही अवघड आहे. कायदे पाठ करणं त्या मानाने सोपं. ते पाठ करायला कर-सल्लागार मिळतो.

दाजींना हसणं मला परवडतं, कारण दाजी निदान सापडतात. दुकानाला पत्ता आहे, पाटी आहे, आणि आता तर ती मराठीतही आहे. पण ज्यांचा मालक सापडतच नाही, असे लोक माझ्या काउंटरवर दरवर्षी येतात.

दसरा-दिवाळी आटोपली की आमच्या जिल्ह्यातून ट्रॅक्टर-ट्रक भरून माणसं ऊस तोडायला निघतात. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टी. सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटकापर्यंत. अंगावर उचल घेऊन गेलेली ही माणसं ती फेडत हंगामभर उसात राहतात. दाजींच्या दुकानात दहाचे नऊ होतात, इकडे दोनाचा एक होतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. हिशेब कोयत्याचा, उचल कोयत्याची. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते, पहाटे भाकरी तीच थापते; आणि मोजदादीत ती कोयत्याच्या मुठीसारखी असते, वेगळी धरत नाहीत.

खातं उघडण्याच्या आमच्या फॉर्मवर एक रकाना आहे, ‘नोकरी देणाऱ्याचे नाव’. अशा एका जोडप्याचा फॉर्म मी भरत होतो. मी विचारलं, ‘काम कुणाकडे करता?’ नवरा म्हणाला, ‘मुकादमाकडं.’ मग थांबून, ‘म्हणजे उचल त्यानं दिली. ऊस कारखान्याला जातो.’ ‘मग कारखाना लिहू?’ ‘कारखान्यात आमाला कोण वळखतंय?’ बायको म्हणाली, ‘गाडीवाल्याचं नाव टाका, नेतो तर तोच.’ कारखान्याला विचारलं तर तो वाहतूकदाराशी करार दाखवतो. वाहतूकदार मुकादमाकडे बोट करतो. मुकादम म्हणतो, मी यांच्यातलाच एक, कमिशनवर जगतो. एवढी साखर तयार होते आणि ती तयार करवून घेणारा कोणीच नसतो. मी त्या रकान्यात आडवी रेघ ओढली. फॉर्म मंजूर झाला. आमच्या संगणकाला रेघ चालते.

या लोकांनाही कायद्याची चाहूल अधूनमधून लागते. २०१९ साली त्यांच्यासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ काढण्याचा निर्णय झाला. पुढे गाळलेल्या उसावर टनामागे दहा रुपये त्यासाठी घ्यायचं ठरलं. चांगली गोष्ट आहे. पण तोडणीचा दर राजपत्रात सहा-सहा महिन्यांनी बदलत नाही. तो संप, मोर्चे आणि बैठका होऊन ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ ठरली, ती तीन वर्षांसाठी. दाजींना वर्षातून दोनदा बदलणाऱ्या भत्त्याचा जाच होतो. उसाच्या फडात उभं राहून पाहिलं तर तोच जाच चैनीसारखा दिसतो. कुणीतरी दर सहा महिन्यांनी आपली आठवण काढतंय, याहून मोठं सुख काय असतं?

आणि तिथे एक शब्द आहे, ‘खाडा’. काम चुकलं की खाडा, खाड्याला दंड, तो कोयत्याच्या अंगावर चढतो. २०१९ साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कारणं एक नव्हती. पण महिन्याचे ते चार दिवस खाडा नको, हे कारण बायकांनीच सांगितलेलं आहे. या आकड्यावर विनोद होत नाही. मी एवढंच म्हणतो की ज्या हिशेबात मालकाच्या नावाच्या जागी रेघ असते, त्या हिशेबात खाड्याची किंमत कुणाला द्यावी लागते, ते यावरून कळतं.

हा ‘खाडा’ शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो मात्र उसात नव्हे, आमच्या स्वयंपाकघरात. तिथे फडताळाच्या बाजूला कालनिर्णय टांगलेलं असतं. १९७३ पासून हे कॅलेंडर मराठी घरात आहे. त्यावर एकादशी, चतुर्थी असते हे खरं, पण घरोघरी त्याचा मुख्य उपयोग हजेरीपट म्हणून होतो. दूध दोन लिटर, गॅस लावला, मावशी खाडा. आमच्या सौभाग्यवतींचं अक्षर मोत्यासारखं आहे आणि खाड्याची फुली त्याहून ठळक. घरकामगारांसाठी राज्याने २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला आहे, हे मी एका रात्री जेवताना सांगितलं. ‘मावशी काय कामगार आहेत?’ सौभाग्यवती म्हणाल्या, ‘त्या घरच्याच आहेत.’ हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं.

निकाल मावशींनीच लावला. परवाच्या उन्हाळ्यात भांडी घासता घासता त्या कॅलेंडराकडे बघून म्हणाल्या, ‘वहिनी, ह्याच्यात तांबडे वार कोणासाठी छापलेत हो?’

सौभाग्यवती म्हणाल्या, ‘तो रविवार. सुटीचा.’

‘तेच इचारलं. कोणाच्या?’

मावशींनी हे भांडणाच्या सुरात विचारलं नव्हतं. चौथी शिकलेली बाई, छापलेलं आहे ते कशासाठी हे विचारत होती. पण संसदेत चर्चा होऊनही एखादं विधेयक इतक्या लवकर मंजूर झालं नसेल. पुढच्या रविवारपासून आमच्या घरात साप्ताहिक सुटीचा कायदा लागू झाला. राजपत्र नाही, हरकती-सूचना नाहीत, मुदतवाढ नाही. अंमलबजावणीचा भार नेहमीप्रमाणे खालच्या पातळीवर आला, म्हणजे रविवारची भांडी माझ्याकडे. कढईच्या बुडाला लागलेलं पिठलं घासताना माणसाला कामगार कायद्यांची निकड फार लवकर पटते. सगळ्या मालकांना आठवड्यातून एक कढई द्यावी, अशी माझी शासनाला नम्र सूचना आहे.

आता पुन्हा दाजींकडे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. २९ जुने कायदे त्या चारात घातलेत. टीव्हीवर सांगितलं की आता कामगारांना नेमणूकपत्र मिळणार. ते चाचांनी ऐकलं. त्यांना धाकट्या मुलाच्या घरकर्जासाठी जामीन राहायचं होतं, आणि बँकेने, म्हणजे दुर्दैवाने मीच, विचारलं होतं की तुम्ही नोकरी कुठे करता याचा काही कागद आहे का. बत्तीस वर्षं एका जागी काम केलेल्या माणसाजवळ तसा एक चिटोरा नव्हता. चाचा दाजींना म्हणाले, ‘मालक, ती टीव्हीवरची चिठ्ठी आपल्याकडं कवा मिळणार?’

दाजींनी कर-सल्लागाराला फोन लावला. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवलेला होता. सल्लागार म्हणाला, ‘शेठ, काळजी करू नका. संहितेतला तो नियम जिथं दहा किंवा जास्त कामगार आहेत तिथं. तुमचे नऊच आहेत.’

दाजींच्या चेहऱ्यावर जुनी ओळखीची सुटका दिसली. नऊ हा आकडा आजवर त्यांना कधी दगा देऊन गेला नव्हता.

चाचा ताका गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, ‘मला बी धरलं तर दहा होतेत, मालक.’

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सल्लागार पलीकडून ‘हॅलो, हॅलो’ करत होता. दाजी बराच वेळ गल्ल्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता चहा येणार. पण चहा आला नाही. दाजींनी फोन बंद केला, कोरा कागद घेतला आणि मला म्हणाले, ‘पाव्हणं, तुमचं अक्षर चांगलंय. लिहा.’

मी मोबाइलवरचा छापील नमुना समोर ठेवून लिहायला बसलो. ‘नेमणुकीचा दिनांक?’ कुणालाच आठवेना. चाचा म्हणाले, ‘किल्लारीचा भूकंप झाला, तिकडं चादरी पाठवायच्या होत्या, गठ्ठे बांधायला मला बोलावलं. मग जा म्हणून कोणी म्हणलंच नाही.’ भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. दिनांक १ ऑक्टोबर १९९३ असा टाकला. ‘कामाचे स्वरूप?’ दाजी म्हणाले, ‘लिहा, कापड फाडणे.’ मग थोड्या वेळाने, ‘गिऱ्हाईक सांभाळणे.’ मग, ‘पोरांना शाळेत सोडलंय ह्यांनी, ते लिहिता येतं का?’ मी म्हटलं, नमुन्यात तेवढी जागा नाही.

चाचांना मराठी वाचता येतं. त्यांनी चष्मा लावून सगळा कागद सावकाश वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. नमुन्यात होतं तसं मी उतरवून ठेवलं होतं, ‘सुरुवातीचे सहा महिने उमेदवारीवर.’

‘मालक,’ चाचा म्हणाले, ‘हे सहा महिने आतापासून धरायचे का?’

दाजींनी माझ्या हातातलं पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि खाली जिथे ‘मालकाची सही’ असं लिहिलेलं होतं, तिथे आपलं पूर्ण नाव लिहिलं. वडलांच्या नावासकट. पेन त्यांनी परत दिलं नाही, पण ते आमच्याकडे चालायचंच. चाचांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली, उरलेला ताका गुंडाळला आणि फळीवर चढवला.

दुसऱ्या दिवशी दाजींचा फोन आला. म्हणाले, ‘पाव्हणं, आज चाचा दहा मिनिटं उशिरा आले.’

मी म्हटलं, ‘मग?’

‘मग काय. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. मी काही बोललो नाही. पण हजेरीपटात वेळ लिहायची का नाही, ते विचारायला फोन केला.’